फॉरमॅट मारण्याआधी: ड्रायव्हरमुळे क्रॅश होणारा पीसी स्वतः कसा तपासायचा

ठाण्यात नौपाड्यापासून वागळे इस्टेटपर्यंत किंवा खाडीपलीकडे वाशी-नेरुळला, ब्लू स्क्रीन येणारा लॅपटॉप दुकानाच्या काउंटरवर ठेवला की बहुतेक ठिकाणी एकच निदान ऐकू येतं: "विंडोज उडालीय. फॉरमॅट मारावा लागेल, संध्याकाळी या." दुकानदाराच्या दृष्टीने हे सोयीचं आहे. वेळ ठरलेला, पैसे ठरलेले, डोकं खाजवायला नको. तुमच्या दृष्टीने मात्र टॅली पुन्हा टाका, डिजिटल सहीचं टोकन पुन्हा चालू करा, प्रिंटर शेअर करा, मराठी फॉन्ट शोधा, यात दोन दिवस जातात. आणि खरी गोम पुढेच आहे. दोष ड्रायव्हरमध्ये, म्हणजे विंडोज आणि हार्डवेअर यांच्यातला दुवा असणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, असेल तर फॉरमॅटनंतर इंटरनेट जोडल्याबरोबर विंडोज अपडेट बऱ्याचदा तोच ड्रायव्हर आणून बसवतं. आठवड्याभरात पुन्हा ब्लू स्क्रीन. मग "हार्डवेअर गेलंय, मदरबोर्ड बदला" असं दुसरं निदान तयारच असतं.

म्हणून आधी तपास, मग उपाय. खालची पद्धत विंडोज १० आणि ११ साठी आहे.

एक ड्रायव्हर सगळी मशीन कशी पाडतो

एक्सेल किंवा क्रोम कोसळलं तर तेवढी खिडकी बंद होते, बाकीचं काम चालू राहतं. बरेचसे हार्डवेअर ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतात. सोसायटीत एखाद्या फ्लॅटमधला फ्यूज उडाला तर एका घरात अंधार होतो. मीटर रूममध्येच शॉर्ट झालं तर अख्खी विंग अंधारात जाते. कर्नलमधल्या ड्रायव्हरने नको त्या मेमरीला हात लावला की विंडोज मुद्दाम सगळं थांबवते, कारण तसंच रेटलं तर डिस्कवरच्या फाइल बिघडण्याचा धोका असतो. ब्लू स्क्रीन हा तो ब्रेक आहे. विंडोज ११ च्या अलीकडच्या अपडेटनंतर हाच स्क्रीन काळा दिसतो. त्याने घाबरू नका, प्रकरण तेच आहे.

१९ जुलै २०२४ चा गोंधळ आठवत असेल. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो. तो जी फाइल वाचतो, तिचं एक सदोष अपडेट आलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळल्या. त्यावरचा हाताने करायचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये (म्हणजे अगदी जुजबी ड्रायव्हर घेऊन चालणाऱ्या विंडोजमध्ये) जायचं आणि ती एक फाइल डिलीट करायची. फॉरमॅटची गरज नव्हती.

हात लावण्याआधी दोन गोष्टी

पीसी मधूनमधून का होईना चालू होत असेल तर सगळ्यात आधी कामाच्या फाइल पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते. विंडोज ११ चे पुष्कळ नवे लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतात, म्हणजे तिला कुलूप लावतात; त्या सोयीचं नाव बिटलॉकर. पुढे दुरुस्तीच्या निळ्या मेनूत शिरताना किंवा बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) काही बदललं की मशीन बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर डेटा गेलाच म्हणून समजा. फोनवरून त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा, डिव्हाइसच्या यादीत ती की सापडते. कागदावर लिहून ठेवा. लॅपटॉप दुकानदाराने चालू करून दिला असेल तर अकाउंट त्याच्याच ईमेलवर असू शकतं. तसं असेल तर आजच त्याच्याकडून की मागून घ्या.

कोड वाचा

ब्लू स्क्रीन काही सेकंदांत निघून जातो आणि पीसी रिस्टार्ट होतो, त्यामुळे वाचायला वेळच मिळत नाही. हे आधी बंद करा. 'धिस पीसी'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'खालचं सेटिंग्ज बटण, आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढा. तिथेच खाली डंप, म्हणजे क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची फाइल, कुठल्या प्रकारचा लिहायचा ते असतं; 'स्मॉल मेमरी डंप' निवडा. आता क्रॅश झाला की स्क्रीन तसाच थांबेल. मोबाइलने फोटो काढा. खाली 'स्टॉप कोड' असतो आणि नशीब चांगलं असेल तर 'व्हॉट फेल्ड' म्हणून एका फाइलचं नावही असतं.

क्रॅश होऊन गेला असेल तरी नोंद उरते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडा. तारखांचा आलेख दिसतो; क्रॅशच्या दिवशी लाल फुली. मला हे विंडोजमधलं सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत कामाचं पान वाटतं, कारण त्याच तारखेच्या आसपास कुठला ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम बसला तेही खाली लिहिलेलं असतं. "मी काहीच केलं नाही, आपोआप व्हायला लागलं" असं प्रत्येक जण सांगतो. हे पान तसं सांगत नाही.

अधिक खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' नावाची नोंद शोधा आणि तिच्या डीटेल्समध्ये 'बगचेककोड' पाहा. हा आकडा दशमान पद्धतीत असतो, म्हणून इंटरनेटवर तसाच शोधला तर भलतंच निघतं. नेहमी भेटणारे आकडे असे: २०९ म्हणजे ड्रायव्हरने चुकीच्या वेळी चुकीची मेमरी वापरली, इथे नेटवर्क कार्ड आणि वायफाय पहिले संशयित. १५९ म्हणजे झोपताना-उठताना, म्हणजे स्लीपमध्ये जाताना किंवा बाहेर येताना एखाद्या ड्रायव्हरने प्रतिसाद दिला नाही. २७८ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला आणि विंडोजने तो पुन्हा उभा करायचा प्रयत्न केला तरी उठला नाही. ३०७ म्हणजे कुणीतरी प्रोसेसर फार वेळ अडवून ठेवला. बऱ्याचदा एसएसडीचा किंवा स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर, कधी एसएसडीचं जुनं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलंच सॉफ्टवेअर. १२६ ही ड्रायव्हरची सर्वसाधारण चूक, फाइलचं नाव मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

२९२ आला तर ड्रायव्हरमागे लागू नका, निदान सुरुवातीला तरी. तो कोड प्रोसेसर, मेमरी, वीजपुरवठा किंवा तापमानाकडे बोट दाखवतो. २६ आला तर आधी रॅम तपासा.

आणि शून्य आला तर? म्हणजे विंडोजने क्रॅश नोंदवलेलाच नाही, मशीन झटक्यात बंद झाली. कधी पार गोठलेली मशीन आपणच बटण दाबून बंद केलेली असते. ते नसेल तर वीज. पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा लपंडाव चालू असतो आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल, किंवा त्याची बॅटरी मेलेली असेल, तर या शून्याच्या ओळीच्या ओळी सापडतात. कितीही ड्रायव्हर बदला, फरक पडणार नाही.

ड्रायव्हर की रॅम?

ढोबळ नियम असा. एकच कोड, एकच कृती केल्यावर येत असेल (व्हिडिओ कॉल सुरू केला की, प्रिंट दिली की, लॅपटॉपचं झाकण उघडलं की) तर ड्रायव्हर. दर वेळी वेगळा कोड, वेगळी फाइल, कसलाच मेळ नाही, तर रॅम. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' शोधा आणि रात्री लावून झोपा. डेस्कटॉप असेल तर वायर काढून रॅमची पट्टी बाहेर काढा, सोनेरी कडा साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि परत बसवा. खाडीकाठच्या दमट हवेत या एवढ्याने बरे झालेले डेस्कटॉप कमी नाहीत.

दोषी फाइल शोधणे

सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमध्ये 'मिनीडंप' नावाचा फोल्डर असतो. प्रत्येक क्रॅशची एक छोटी फाइल तिथे साठते. फोल्डर रिकामा असेल तर दोन कारणं नेहमीची: कुणीतरी पीसी 'फास्ट' करायला क्लीनर टाकलाय आणि तो या फाइल पुसून टाकतोय, किंवा पेजिंग फाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) बंद केली आहे. दोन्ही सुधारा आणि पुढच्या क्रॅशची वाट बघा.

फाइल उघडायला निरसॉफ्टचं ब्लूस्क्रीनव्ह्यू हे छोटं मोफत साधन पुरतं. नीट उत्तर हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी घ्या, डंप उघडा आणि निळ्या अक्षरांतल्या 'ॲनलाइझ' दुव्यावर क्लिक करा. बराच मजकूर येतो. त्यातली 'इमेज नेम' आणि 'मॉड्यूल नेम' एवढ्या दोन ओळी बघा.

इथे एक सापळा आहे. पुष्कळदा नाव येतं एनटी-ओएस-कर्नल, म्हणजे खुद्द विंडोजचा गाभा. लोक तेवढ्यावरून "विंडोज करप्ट" ठरवतात. तो गाभा बहुधा फक्त अपघाताच्या जागी हजर असतो. दोन-तीन डंप शेजारी ठेवून बघा, त्यात वारंवार दिसणारं तिसऱ्याच कंपनीचं नाव पकडा. 'एनव्ही'ने सुरू होणारी लांबलचक फाइल एनव्हिडियाच्या ग्राफिक्सची, 'एएमडीकेएम' एएमडीची, 'आयजीडी' इंटेलच्या ग्राफिक्सची, 'नेटडब्ल्यूटीडब्ल्यू' इंटेलच्या वायफायची, 'आरटी' किंवा 'आरटीके'ने सुरू होणारी बहुधा रिअलटेकची, 'आयएस्टोर' इंटेलच्या स्टोरेजची. ओळखीचं नसेल तर विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स या फोल्डरमध्ये ती फाइल शोधून राइट क्लिक करा. प्रॉपर्टीजमध्ये कंपनीचं नाव असतं.

सेफ मोड

पीसी डेस्कटॉपपर्यंत पोहोचत असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि स्टार्ट मेनूतून रिस्टार्ट द्या. पोहोचतच नसेल तर पीसी चालू करा, विंडोजचा लोगो दिसला की पॉवर बटण सुमारे दहा सेकंद दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा मेनू दाखवते. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट. मग यादी येते: ४ दाबलं तर सेफ मोड, ५ दाबलं तर इंटरनेटसह सेफ मोड. पहिल्यांदा ४ च दाबा. इंटरनेट नसलेलं बरं, नाहीतर अपडेट मध्येच घुसतं.

सेफ मोडमध्ये विंडोज अगदी जुजबी ड्रायव्हर घेऊन चालते. तिथे अर्धा तास मशीन निवांत चालली तर दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा नंतर टाकलेल्या सॉफ्टवेअरचा, हे जवळपास नक्की. सेफ मोडमध्येही कोसळली तर हार्डवेअरकडे वळा.

आता दुरुस्ती

विंडोज की आणि एक्स एकत्र दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण असेल तर तिथून सुरुवात. नसेल तर डंपमध्ये सापडलेलं डिव्हाइस शोधा. प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब. तिथली ड्रायव्हरची तारीख आणि व्हर्जन आधी लिहून घ्या.

क्रॅश नुकतेच सुरू झाले असतील तर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. बटण पुसट असेल तर आधीचा ड्रायव्हर साठवलेला नाही, मग 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' घ्या आणि येणाऱ्या खिडकीत ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीवर खूण करा. ही खूण विसरली तर रिस्टार्टनंतर विंडोज आपल्या गोदामातून तोच ड्रायव्हर काढून परत लावते आणि तुम्हाला वाटतं, उपाय करून झाला.

नवा ड्रायव्हर कुठून घ्यायचा? लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून, खालच्या स्टिकरवरचा मॉडेल किंवा सीरियल नंबर टाकून. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर नवा व्हर्जन असतो खरा, पण लॅपटॉप कंपन्या पॉवर आणि ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये आपापले बदल करतात, त्यामुळे नवा म्हणजे चांगला हे दर वेळी खरं नसतं. असेंबल केलेल्या डेस्कटॉपला मदरबोर्ड कंपनीची साइट, ग्राफिक्स कार्डला कार्डच्या चिपवाल्याची. 'तुमचे ३७ ड्रायव्हर जुने आहेत' असं ओरडणारे अपडेटर ॲप टाकू नका. चालू असलेली मशीन बिघडवण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

एका वेळी एकच ड्रायव्हर बदला, मग दिवसभर नेहमीचं काम करून बघा. पाच बदल एकदम केले आणि क्रॅश थांबला तर नेमकं काय बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

नौपाड्यातल्या एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसातली मशीन इथे सांगण्यासारखी आहे. लॅपटॉप रोज डोंबिवलीहून बॅगेत झोपलेल्या अवस्थेत यायचा. ऑफिसात झाकण उघडलं की ब्लू स्क्रीन. घरी रात्रभर चालू ठेवला तर काही नाही. रिटर्नची मुदत तोंडावर, त्यामुळे साहेब नवीन लॅपटॉप घ्यायच्या बेतात. आधी एकदा फॉरमॅट मारून झालेला होता. "घरी चालतो आणि इथेच बंद पडतो, इथल्या प्लगमध्येच करंट कमी आहे," हे ऑफिसातल्या मुलाचं मत. बगचेककोड प्रत्येक वेळी १५९, म्हणजे झोपेतून उठण्याचा घोळ. डंपमध्ये वायफायचा ड्रायव्हर. रिलायबिलिटी हिस्टरीत फॉरमॅटच्या दुसऱ्याच दिवशी विंडोज अपडेटने तो बसवल्याची नोंद. लॅपटॉप कंपनीच्या पानावरचा जुना व्हर्जन टाकला, प्लग तोच ठेवला, झाकण उघडलं, चालू.

ग्राफिक्स ड्रायव्हर काढायला साधं अनइन्स्टॉल पुरत नाही, त्याची पाळंमुळं खोल असतात. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ज्याला सगळे डीडीयू म्हणतात, ते वापरा. नवा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा, वायफाय बंद करा किंवा लॅनची वायर काढा, सेफ मोडमध्ये डीडीयू चालवा, रिस्टार्ट करा, ड्रायव्हर टाका, मगच इंटरनेट जोडा. हा क्रम चुकवू नका.

यूएसबीची वरात

ऑफिस आणि दुकानांतले बरेच त्रास पीसीच्या आतले नसतातच. डिजिटल सहीचं टोकन, आधारचा अंगठा घेणारं यंत्र, बारकोड स्कॅनर, थर्मल प्रिंटर, सॉफ्टवेअरचा डोंगल. प्रत्येकाचा आपला ड्रायव्हर. संशय आला की कीबोर्ड-माउस सोडून सगळं काढा आणि एकेक करून लावा.

वाशीच्या एपीएमसीत गाळ्यावरचा काटा बिलिंगच्या पीसीला जोडायला सीरियल-टू-यूएसबी केबल लागते. स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा प्रोलिफिक चिपची नक्कल असते. मूळ कंपनीचा नवा ड्रायव्हर ती नक्कल ओळखतो आणि चालू द्यायला नकार देतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि 'कोड १०'. मग कुणीतरी कुठल्या तरी साइटवरचा जुनापाना ड्रायव्हर आणून ठोकून बसवतं, आणि विंडोज ११ वर ते दुखणं होऊन बसतं. चांगल्या चिपची केबल घ्या, वाद मिटतो.

दोन सवयी

शट डाउन करून पीसी चालू केला म्हणजे ड्रायव्हर नव्याने सुरू झाले असं नसतं. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोज कर्नलची अवस्था डिस्कवर साठवते आणि सकाळी तीच परत उचलते. ड्रायव्हर बदलल्यावर रिस्टार्टच द्या. स्लीपचा घोळ असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंदच करून टाका; एसएसडीवर फार फरक जाणवत नाही.

बरा झालेला ड्रायव्हर अपडेटने पुन्हा बदलू नये म्हणून अपडेट काही आठवडे पॉज करता येतं. त्याशिवाय 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधून तिथे 'नो' निवडा. सुरक्षा अपडेट कायमचे बंद ठेवू नका. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये ड्रायव्हरची यादी असते, तिथे गरज नसताना टिक करू नये.

काहीच सापडलं नाही तर

सिस्टिम रिस्टोअर चालू असेल तर क्रॅश सुरू होण्याआधीच्या तारखेला जा. तुमच्या फाइल जागच्या जागी राहतात, फक्त त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर निघतात. सिस्टिम फाइल तपासायच्या तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजीत एस, एफ, सी ही अक्षरं, एक स्पेस, उजवीकडे झुकलेली तिरपी रेघ आणि तिला चिकटून 'स्कॅननाऊ' लिहा.

ड्रायव्हर व्हेरिफायर हे शेवटचं हत्यार. ते ड्रायव्हरवर मुद्दाम ताण देऊन दोषी कोण ते उघडं पाडतं, म्हणजे क्रॅश घडवून आणणं हेच त्याचं काम. मायक्रोसॉफ्टचे सोडून इतर कंपन्यांचे ड्रायव्हर तेवढे निवडा आणि त्याआधी रिस्टोअर पॉइंट घ्या. पीसी चालू होता होताच कोसळायला लागला तर सेफ मोडमध्ये जाऊन 'व्हेरिफायर', स्पेस, तिरपी रेघ, 'रीसेट' ही कमांड द्या. सेफ मोडमध्ये कसं शिरायचं ते येत नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

इतकं करूनही फॉरमॅटची वेळ आलीच, तर विंडोज टाकण्याआधी त्याच मॉडेलचे वायफाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दिल्याशिवाय इन्स्टॉल करताना एसएसडी दिसतच नाही, आणि काउंटरवरून "डिस्क गेलीय" असा फोन येतो. मशीन दुकानात देणार असाल तर स्टॉप कोडचे फोटो, मिनीडंपची कॉपी आणि तुम्ही काय काय बदललं त्याची यादी सोबत द्या, आणि कामाच्या पावतीवर 'न विचारता फॉरमॅट करू नये' असं लिहून घ्या.